भीमाची खाण आणि ‘शाश्वत’ कायदा

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेवर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. भुकेची कथा म्हणून, महानगराने गिळलेल्या खेडुताची कथा म्हणून, माणूस आणि मुडदा यांच्यातील भयाण झुंजीची कथा म्हणून तिची वाखाणणी झाली. मीही ही कथा वर्गात वर्षानुवर्षे याच वळणाने शिकवीत आलो. भीमाचे दांडगे शरीर, त्याची भूक, स्मशानातली ती रात्र, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे आणि शेवटचा आघात, एवढे मुद्दे फळ्यावर लिहून झाले की कथा शिकवून संपली, असे मला वाटे.

काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने मला अडवले. हा मुलगा दगडखाणीवरच्या वस्तीत वाढलेला होता. त्याने विचारले, ‘‘सर, पण खाण बंद का पडली होती?’’

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन मी कथा पुन्हा उघडली. पोटासाठी गाव सोडून भीमा मुंबईला येतो. शहराच्या कडेला दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. थोड्याच दिवसांत ती खाण बंद पडते. का पडते, हे कथेत नाही. कथेच्या शेवटी, भीमाची बोटे गेल्यावर, ती खाण पुन्हा सुरू होते. का सुरू होते, हेही कथेत नाही.

त्या प्रश्नाने माझ्या लक्षात आले की ही कथा स्मशानात घडत असली तरी तिच्या दोन्ही टोकांना खाण आहे. आम्ही समीक्षकांनी स्मशान तेवढे पाहिले. खाण आमच्या नजरेतून सुटली. या लेखात मला खाणीकडे पाहावयाचे आहे. आणि तसे पाहताना आजच्या एका भाषेची परीक्षा घ्यावयाची आहे. ती भाषा म्हणजे ‘शाश्वत खाणकामा’ची कायदेशीर भाषा.

२

अण्णा भाऊंनी खाण बंद पडण्याचे कारण दिले नाही, हा कथेचा दोष नव्हे. ते भीमाच्या उंचीवरून जग पाहतात, आणि भीमाला ते कारण कोणी सांगितलेलेच नाही. मालकाचा पट्टा संपला असेल, मालाला उठाव नसेल, भागीदारांत तंटा झाला असेल. हे सारे भीमाच्या डोक्यावरून घडते. त्याच्यापर्यंत पोहोचते ते एवढेच, की उद्यापासून काम नाही. लेखकाने येथे पाळलेले मौन हे खाणकामगाराच्या अनुभवाचे अचूक चित्रण आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. खाणीत भीमाचे काम उकरण्याचे होते. खाण बंद पडल्यावर तो जे करतो तेही उकरणेच आहे. आधी चितेची राख चाळणे, मग थडगी उकरणे. म्हणजे स्मशान ही भीमाने स्वतः उघडलेली खाण आहे. तिला पट्टा नाही, हजेरीपट नाही, मुकादम नाही. तिच्यातले खनिज म्हणजे श्रीमंत मृतांच्या अंगावरचे सोने. कोणाच्या प्रेतात सोने सापडेल आणि कोणाच्या सापडणार नाही याचा हिशेब भीमाने नीट बसवलेला आहे. जिवंतपणीची विषमता मातीखाली गेल्यावरही मिटत नाही, हे त्याला कोणत्याही ग्रंथाशिवाय कळलेले आहे.

कायद्याची खाण बंद झाली की कामगार बेकायदा खाणीत उतरतो आणि गुन्हेगार ठरतो, हे सूत्र अण्णा भाऊंनी असे कथेत आणून ठेवले. ते आजही खोटे ठरलेले नाही. मेघालयात उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींतून कोळसा काढण्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली. बंदी योग्यच होती; त्या बिळांत माणसे मरत होती, नद्यांचे पाणी आम्ल होत होते. पण १३ डिसेंबर २०१८ रोजी तशाच एका खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले, तेव्हा देशाला कळले की बंदीनंतरही माणसे खाली उतरतच होती. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात एक्केचाळीस कामगार सतरा दिवस अडकून पडले. यंत्रे थकली तेव्हा अशाच अरुंद जागेत हाताने खणण्याचे कसब असलेल्या मजुरांनी शेवटचे काही मीटर उकरून त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी त्यांना हार घातले गेले. एरवी त्या कसबाला कायद्यात जागा नाही.

३

भीमाच्या काळी खाण बंद पडण्याचे कारण अज्ञात होते. आज ते तपशीलवार लिहिलेले असते. पट्ट्याची मुदत, पर्यावरण मंजुरी, वनजमिनीची परवानगी, अभयारण्यापासूनचे अंतर, पुनर्वसनाचा आराखडा, खाण बंद करण्याचा आराखडा. या कागदांसाठी मोठ्या शहरांत वकिलांची दालने आहेत. खाण आणि नैसर्गिक साधनसंपत्तीच्या उद्योगांना ‘शाश्वत’ रीतीने धंदा करता यावा म्हणून ती कायदेशीर साहाय्य देतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही. कायदा पाळणारी खाण ही कायदा मोडणाऱ्या खाणीपेक्षा केव्हाही बरी. माझा प्रश्न समीक्षकाचा आहे. कोणतीही संहिता हाती घेतली की आपण विचारतो: येथे कोण बोलतो, कोणाविषयी बोलले जाते, आणि कोण गप्प आहे? वकिलांच्या भाषेत विचारावयाचे तर, भीमा कोणाचा अशील?

गोव्याचे उदाहरण घेऊ. ते आपल्या शेजारचे आहे आणि या विषयातला तो मोठा खटला आहे. शाह आयोगाचा अहवाल आल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने सांगितले की या पट्ट्यांची मुदत २००७ च्या नोव्हेंबरातच संपली होती. पुढे वर्षाला दोन कोटी टनांपेक्षा जास्त खनिज काढू नये असे न्यायालयाने ठरवले. खनिज विकून येणाऱ्या रकमेचा दहावा हिस्सा कायम निधीत ठेवावा, असेही सांगितले. हा निधी पुढच्या पिढ्यांसाठी. म्हणजे जो अजून जन्मला नाही त्याचाही वाटा न्यायालयाने राखून ठेवला. हा विचार थोर आहे, यात शंका नाही.

कामगारही त्या निकालात आहे. साठवलेल्या खनिजाच्या लिलावातून आलेल्या पैशांतून खाणकामगारांना मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावी, असा आदेश त्यात आहे. मी हा आदेश वाचून थांबलो. आपल्या खाणींच्या इतिहासात ‘खाण बंद आहे, तरी कामगाराला काही मिळाले पाहिजे’ असे न्यायालय म्हणते, ही लहान गोष्ट नाही. भीमाला ती निम्मी मजुरी मिळाली असती तर तो स्मशानात गेला नसता. पण पुढचा प्रश्न उरतोच. खाणपट्ट्याच्या बाहेर खनिजावर जगणारे जे हात होते, ट्रकवरचा क्लीनर, बार्जवरचा खलाशी, रस्त्यावर चहा विकणारी बाई, त्यांचे काय? ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थांबल्या. नव्याने लिलाव सुरू व्हावयास २०२२ चा डिसेंबर उजाडला. या काळात पट्टेदार, राज्य, केंद्र, पर्यावरणवादी, सर्वांचे म्हणणे न्यायालयात मांडले जात होते. बंदीला विरोध करणाऱ्या मोर्चांत कामगार पुढे दिसत होता, पण तेथेही त्याच्या भुकेच्या जोरावर मागणी मांडली जात होती ती पट्टा चालू ठेवण्याची.

येथे आपल्या चळवळीने एक सापळा ओळखला पाहिजे. कामगाराची भूक दाखवून नदी मारावयाची, किंवा नदी दाखवून कामगाराला उपाशी ठेवावयाचे, असे दोनच पर्याय आपल्यापुढे ठेवले जातात. खाणीतली माती ज्या विहिरीत उतरते ती विहीर बहुधा आपल्याच वस्तीजवळ असते. दोन्ही बाजूंनी मरतो तो एकच माणूस.

४

या भाषेतला दुसरा शब्द तपासू: ‘बाधित’. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. पट्टेदाराने स्वामित्वधनाच्या प्रमाणात या निधीत पैसे भरावयाचे; जुन्या पट्ट्यांसाठी तीस टक्के, लिलावाने मिळालेल्या नव्यांसाठी दहा टक्के. निधीचा उद्देश, खाणकामाने बाधित झालेल्या व्यक्तींचे आणि क्षेत्रांचे हित. उद्देश चांगला आहे. पण बाधित कोण, याची व्याख्या वाचली की तिचा धागा जमिनीपासून सुरू होतो. ज्याची जमीन गेली, ज्याचा जमिनीवर वहिवाटीचा हक्क होता, जो विस्थापित झाला, तो बाधित. दुसऱ्या जिल्ह्यातून उचल घेऊन आलेला, खाणीच्या काठावर पाल ठोकून राहिलेला, धूळ खाल्लेला मजूर या व्याख्येत सहज बसत नाही. ज्याने खाण खणली तो खाणीने बाधित नाही, असा हा अर्थ होतो.

जमिनीच्या या धाग्याला जातीची गाठ आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये केरळातल्या मलबार भागातील एका प्रकरणात सांगितले की जमिनीखालचे खनिज आपोआप सरकारचे होत नाही. कायद्याने काढून घेतलेले नसेल तर ते जमीनमालकाचे असते. हा निकाल लहान शेतकऱ्याला बळ देणारा आहे. पण ज्याच्या नावावर वरची जमीन नाही, त्याच्या नावावर खालचे खनिज कोठून येणार? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला भूमीच्या पृष्ठावर जागा मिळाली नाही, तशी तिच्या पोटातही मिळत नाही. जुलै २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने ठरवले की स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिजयुक्त जमिनीवर राज्यांना कर बसवता येतो. केंद्राचा वाटा किती आणि राज्याचा किती, यासाठी नऊ न्यायाधीश बसले. खणणाऱ्याचा वाटा किती, यासाठी कोणते पीठ बसणार आहे?

आदिवासी बांधवांच्या लढ्यांनी या क्षेत्रात काही मोठे दगड हलवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९९७ च्या ‘समता’ निकालाने आंध्रातल्या अनुसूचित क्षेत्रात खासगी कंपन्यांना खाणपट्टे देण्यास मनाई केली. एप्रिल २०१३ च्या नियमगिरी निकालाने ओडिशातल्या डोंगरिया कोंधांच्या डोंगराचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. बारा ग्रामसभा बसल्या, आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. नकार हा दलित साहित्याचा मूलभूत शब्द आहे. त्या बारा सभांत तो कायद्याच्या कागदावर उमटला.

परंतु त्याच जंगलांत दलितही राहतात. २००६ चा वनाधिकार कायदा त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणतो आणि त्यांच्याकडे पुरावा मागतो तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा. ज्यांना लिहू दिले नाही, ज्यांची नावे सातबाऱ्यावर चढू दिली नाहीत, त्यांनी पंचाहत्तर वर्षांचा कागद दाखवावयाचा! आदिवासींना मिळालेली सवलत काढून घ्या, असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हणू लागला तर त्याला आपण थारा देऊ नये. मी एवढेच दाखवतो आहे की पुरावा कोणी द्यावयाचा, या प्रश्नातच न्याय दडलेला असतो.

५

आता भीमाच्या खाणीवर परत येऊ. ती दगडाची खाण होती. आपल्या कायद्यात दगड, खडी, मुरूम, वाळू यांना ‘गौण खनिज’ म्हणतात. शब्द केवढा बोलका आहे! लोखंड आणि मँगनीज प्रमुख, दगड गौण. गौण खनिजांचे नियम राज्याने करावयाचे. महाराष्ट्रात ते २०१३ साली नव्याने झाले. प्रमुख खनिजांच्या खाणींसाठी २०१७ च्या केंद्रीय नियमांत ‘शाश्वत खाणकाम’ हा शब्द आलेला आहे. नागपुरात मुख्यालय असलेली इंडियन ब्युरो ऑफ माइन्स ही संस्था अशा खाणींना तारे देते. हे नियम गौण खनिजाला लागू नाहीत. वडार, बेलदार, आणि दुष्काळाने घराबाहेर काढलेले मातंग, महार, पारधी जेथे हातात घण घेऊन उभे असतात, ती खाण शब्दानेही गौण आणि तिच्यातला माणूसही गौण.

डोंगराच्या बाजूने या गौण खाणींत कायदा शिरला. दीपक कुमार प्रकरणात फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान गौण खनिजपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. माणसाच्या बाजूने मात्र १९५२ च्या खाण कायद्यात एक खिडकी उघडी होती. इमारतीचा दगड, खडी, मुरूम काढणारी उघडी खाण सहा मीटरांहून खोल नसेल, मजूर पन्नासांहून जास्त नसतील आणि सुरुंग उडवले जात नसतील, तर कायद्याची बहुतेक कलमे तिला लागू नव्हती. मग हजेरीपटावर मजूर पन्नासांच्या आतच राहणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. हा १९५२ चा कायदा आता २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्याच दिवशी अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने खाण बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. तीनशे मजूर हजेरीपटावर असलेली दगडखाण कोणी पाहिली आहे?

या अंधारात एक निकाल मला दिव्यासारखा वाटतो. फरिदाबादच्या दगडखाणींतल्या वेठबिगारांविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेले पत्रच न्या. भगवती यांनी याचिका मानले. दोन वकिलांना खाणींवर पाठवून पाहणी करवली. धुळीने कोंडलेली हवा, घाण पाणी, गवताच्या झोपड्या, उचलीत अडकलेली माणसे, हे सारे न्यायालयाच्या कागदावर आले. राज्य सरकारचा युक्तिवाद होता की हे मजूर सक्तीने राबत असतील, पण त्यांनी उचल घेतल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना वेठबिगार म्हणता येणार नाही. १६ डिसेंबर १९८३ च्या निकालाने हा युक्तिवाद फेटाळला. सक्तीने काम करवून घेतले जात आहे असे दिसले की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे मालकाने सिद्ध करावे. त्या खाणींत सुरुंग वापरले जात असल्याने खाण कायदाही तेथे लागू आहे, असेही न्यायालयाने सांगितले.

या निकालाचे महत्त्व मी साहित्याचा विद्यार्थी म्हणून सांगतो. मजुराचे मौन म्हणजे पुराव्याचा अभाव, असे न्यायालयाने मानले नाही. मौनच येथे साक्ष झाले. अण्णा भाऊंनी कथेत जे केले, ते येथे न्यायनिर्णयात झाले.

पण निकाल कागदावर राहतो आणि धूळ फुप्फुसात जाते. सिलिकोसिस हा खाणीतल्या धुळीचा रोग कायद्याने व्यावसायिक रोग आहे. त्याबद्दल भरपाईचा हक्क आहे. भरपाई मागताना मजुराला विचारतात, कोणत्या खाणीत काम केले, किती वर्षे, हजेरी कोठे? त्याच्याजवळ खोकला असतो, हजेरी नसते. पुष्कळदा तर त्याला क्षय झाला असे समजून क्षयाच्याच गोळ्या दिल्या जातात. राजस्थानने २०१९ मध्ये धोरण करून, वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केला की रुग्णाला राज्याकडून साहाय्य द्यावे अशी वाट काढली. म्हणजे वाट काढता येते.

६

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण भक्तिभावाने नव्हे, तर कामाच्या गरजेने करावी लागते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना खाणी त्यांच्याकडे होत्या. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसाक्षेत्राला भेट दिली आणि खाणीत उतरून काम पाहिले. १९४४ च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. अभ्रक खाणींतल्या कामगारांसाठी १९४६ मध्ये तसाच कायदा झाला. या निधीची रचना पाहण्यासारखी आहे. खनिजावर उपकर बसवावयाचा आणि तो पैसा खाणकामगाराच्या घरासाठी, दवाखान्यासाठी, पाण्यासाठी, मुलांच्या शाळेसाठी वापरावयाचा. यात हक्काची सुरुवात सातबाऱ्यापासून होत नाही, ती हाताच्या कामापासून होते. खनिज कोणी काढले? कामगाराने. मग त्यातला वाटा त्याचा.

त्याच काळात युद्धासाठी कोळसा कमी पडतो म्हणून खाणीत जमिनीखाली स्त्रियांना काम करण्यास असलेली बंदी १९४३ मध्ये शिथिल झाली होती. मध्यवर्ती विधिमंडळात त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. आपल्यापैकी काहींना हे पान उलटून पुढे जावेसे वाटते. मला वाटते ते वाचलेच पाहिजे. ‘राष्ट्राची निकड’ हा शब्द आला की कामगाराचे संरक्षण सर्वांत आधी सैल होते, मग मंत्री कोणीही असो, हे त्यातून कळते. आज त्या निकडीचे नाव विकास आहे, उद्या ते हरित ऊर्जेसाठी लागणाऱ्या खनिजांचे असेल.

आणि नंतर काय झाले? बाबासाहेबांच्या वेळच्या नमुन्यावर लोहखनिज, चुनखडी इत्यादी खाणींसाठी जे कामगार कल्याण उपकर पुढे आले, ते जीएसटी येण्याच्या सुमारास मोडीत निघाले. कर सुटसुटीत झाले, असे सांगितले गेले. कामगाराच्या नावाचा निधी गेला आणि ‘बाधितां’च्या नावाचा निधी तेवढा राहिला. दोन शब्दांतले अंतर मी वर सांगितलेच आहे.

७

मग ‘शाश्वत’ कशाला म्हणावे? खाण बंद करण्याच्या आराखड्यात जमीन पूर्ववत करण्यासाठी पट्टेदाराकडून आर्थिक हमी घेतात. ती हेक्टरांच्या हिशेबाने काढतात. कामगारांच्या रोजगारावर काय परिणाम होईल, याविषयीही त्या आराखड्यात लिहावयाचे असते. जमिनीसाठी हमी आणि कामगारासाठी परिच्छेद! या दोहोंतला फरक मिटवणे, ही माझ्या मते शाश्वततेची पहिली अट आहे. हेक्टराला हमी असेल तर हातालाही हमी हवी. खाण कोणत्याही कारणाने थांबली, मालकाच्या चुकीने वा न्यायालयाच्या आदेशाने, तर तेथे राबणाऱ्या प्रत्येकाची ठराविक काळाची मजुरी आधीच बाजूला ठेवलेली असावी. गोव्याच्या निकालाने निम्मी दिली. तेथून पुढे जावयाचे आहे. खाणवाल्याने हजेरीपट ठेवला नाही तर मजूर सांगेल ते खरे धरावे, आणि ते खोटे असल्याचे मालकाने दाखवावे. फरिदाबादच्या निकालाने दाखवलेली ही दिशा आहे. ती सिलिकोसिसच्या प्रत्येक दाव्याला लागू व्हावयास हवी.

हे सारे मागण्यासाठी वकील लागतो. मोठ्या उद्योगाला तो मिळतो. आपल्या माणसालाही तो मिळण्याची तरतूद आहे, हे मात्र आपल्या वस्त्यांना माहीत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे बारावे कलम सांगते की अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, स्त्री, वेठबिगारीला बळी पडलेला माणूस, औद्योगिक कामगार, यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयात यासाठी समिती असते. माझ्या कार्यकर्त्या मित्रांना मी विचारतो, आपण किती खाणवस्त्यांवर हे कलम वाचून दाखवले? आणि शिक्षक मित्रांना विचारतो, आपल्या महाविद्यालयाच्या दहा-पंधरा मैलांत क्रशरची धूळ उडत असताना, तेथल्या किती मजुरांची नावे आणि कामाचे दिवस आपल्या विद्यार्थ्यांनी एका साध्या वहीत उतरवले? तारीखवार लिहिलेली अशी वही उद्याच्या खटल्यात उपयोगी पडू शकते. ती लिहिणे हेही दलित साहित्याचे काम आहे, असे मी म्हणेन.

समीक्षेविषयी शेवटचे. दलित साहित्याने वेदना आणि विद्रोह हे शब्द दिले, आणि त्यांच्या बळावर आम्ही अण्णा भाऊंना वाचले. पण विद्रोहाला त्याची कारणेही वाचता आली पाहिजेत, आणि आजची कारणे राजपत्रात आणि न्यायनिर्णयांत छापलेली असतात. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने शेतकऱ्यांची गुरचरणे कशी बळकावली ते लिहून ठेवले. कायदा हा वाचावयाचा ग्रंथ आहे, हे त्यांना कळले होते. आम्ही मात्र तो वकिलांवर सोपवला आणि स्वतः स्मशानाच्या वर्णनातली प्रतिमासृष्टी शोधीत बसलो.

आता मी ती कथा शिकवतो तेव्हा त्या मुलाचा प्रश्न सर्वांत आधी फळ्यावर लिहितो. त्याचे उत्तर आजही माझ्याजवळ नाही, कारण ते कथेत नाही. पण त्याखाली मी दुसरा प्रश्न लिहितो: खाण बंद पडली तेव्हा भीमाने कोणाकडे जावयास हवे होते? मुले थोडा वेळ गप्प बसतात. मग कोणी पोलीस म्हणते, कोणी मालक, कोणी पुढारी. अजून एकानेही न्यायालय असे उत्तर दिलेले नाही.